नुसत्या बोलण्यावर उभी असलेली कादंबरी : ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल’ आणि आमच्या कट्ट्यावरची मतं

सरळच सांगतो, मला हे पुस्तक जाम आवडलंय आणि आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या वाचनकट्ट्यावर निम्म्या लोकांना ते अजिबात आवडलेलं नाही. दोन्ही बाजूचं ऐकून घेतल्यावर माझं मत अजूनच पक्कं झालंय, ते असं, की ही कादंबरी ज्यांनी डोळ्यांनी भराभर वाचली त्यांना ती कंटाळवाणी वाटली आणि ज्यांनी कानांनी वाचली त्यांना ती सोडवली नाही. मधलं मत जवळपास कुणाचंच नव्हतं.

जॉर्ज व्ही. हिगिन्स हा लेखक, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, आणि ही त्याची छापून आलेली पहिली कादंबरी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. पुस्तक बारकंच आहे, दोनशे पानांच्या आतबाहेर, प्रकरणंही छोटी छोटी. एडी कॉइल हा बॉस्टनमधला किरकोळ गुन्हेगार, मोठा डॉन वगैरे कुणी नव्हे, ह्याची बंदुका त्याला आणून दे, त्याचा ट्रक इकडून तिकडं ने, असली कामं करणारा. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात चोरीच्या दारूचा ट्रक चालवताना सापडलाय, दोषी ठरलाय, शिक्षा किती ते जाहीर व्हायचंय. घरात बायको, तीन पोरं, वय होत आलेलं, परत जेलात जायची ताकद राहिलेली नाही. म्हणून तो डेव्ह फोली नावाच्या सरकारी एजंटाला भेटतो, की बाबा तिकडच्या सरकारी वकिलाला माझ्यासाठी एक चांगला शब्द टाक, त्या बदल्यात मी तुला काहीतरी देतो. आता देणार काय, तर माणूस. कुणाला तरी पकडून द्यायचं. आणि एकीकडं तोच एडी बँका लुटणाऱ्या टोळीला पिस्तुलं पुरवतोय, जॅकी ब्राउन नावाच्या सव्वीस वर्षांच्या पोराकडून घेऊन. झालं, एवढीच गोष्ट. पुढचं सांगत नाही, शेवट तर नाहीच.

आता ह्यात वेगळं काय, तर हे सगळं लेखक तुम्हाला सांगतच नाही. माणसं बोलतात आणि त्या बोलण्यातून तुम्ही गोळा करायचं. पहिल्याच वाक्यात जॅकी ब्राउन चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणतोय की मी बंदुका मिळवू शकतो. समोर कोण बसलंय त्याचं नाव नाही. लेखक त्याला नुसतं आडव्या बांध्याचा माणूस असं म्हणत राहतो, अख्खं प्रकरण. पोरगा म्हणतोय उद्या रात्रीपर्यंत थोडी पिस्तुलं देतो, बाकीची मागाहून, आणि हा आडव्या बांध्याचा माणूस गडबड न करता त्याला आपल्या हाताची बोटं दाखवतो. एकेका बोटाला जादाची गाठ आलेली. का, तर मागं त्यानं कुणाला तरी विकलेली बंदूक पोलिसांना माग काढता येईल अशी निघाली, घेणारा जेलात गेला, आणि मग त्या माणसाचे दोस्त आले आणि म्हणाले, तुझ्यावर वैयक्तिक राग काही नाही, पण हे करावंच लागतंय, हात पुढं कर. हात ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला. हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगतोय, जसं काय दुसऱ्याच कुणाच्या हाताचं चाललंय. आणि सांगतोय कशासाठी, तर समोरच्या पोरानं माल चोख द्यावा म्हणून, त्याची सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. धमकी नाही, आवाज चढवणं नाही, पण त्या पोराला कळलं आणि वाचणाऱ्यालाही कळलं की ह्या धंद्यात चुकीची किंमत काय असते. मी ते प्रकरण संपवलं आणि लगेच परत पहिल्यापासून वाचलं.

मी मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे, हळद आणि बेदाणा. त्यामुळं असेल कदाचित, पण मला ह्या पुस्तकातलं बोलणं पहिल्या पानापासून ओळखीचं वाटलं. आमच्याकडं कुणी आल्या आल्या दर विचारत नाही. गादीवर बसणार, चहा येणार, पाऊस कसा काय तुमच्याकडं, पोरीचं जमलं का, अमक्याचं पेमेंट अडकलंय म्हणं, आणि मध्येच, अगदी सहज बोलल्यासारखं, तुमच्याकडं किती पोती पडून आहेत ओ. तो खरा प्रश्न. बाकी सगळं त्याच्यासाठी अंथरलेलं. आणि उत्तर देणाराही लगेच आकडा सांगत नाही, तो म्हणतो बघायला पाहिजे, म्हणजे माल आहे पण तुझा दर ऐकल्याशिवाय मी बोलणार नाही. हिगिन्सची माणसं नेमकी अशीच बोलतात. हॉकीची मॅच, बायको, हवा, गाडी, जेलातलं जेवण, कुठल्या जुन्या ओळखीच्या माणसाचं काय झालं, आणि त्याच्या आत कुठंतरी एक वाक्य की ज्याच्यावर कुणाचं तरी आयुष्य जाणार. ते वाक्य लेखक ठळक करून दाखवत नाही. तुम्ही पेंगत असाल तर ते निघून गेलं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकात सौदा नाही असं बोलणं फारसं नाहीच, प्रत्येकजण काहीतरी विकतोय, बहुतेक वेळा दुसऱ्याला. नावातले ते ‘फ्रेंड्स’ म्हणजे हेच सगळे.

डिलन नावाचा एक बारवाला आहे ह्यात, तो तर बघाच. बॉस्टन कॉमन ही तिथली मोठी बाग, तिथं तो फोलीला भेटतो आणि खबरी देतो, आठवड्याला 20 डॉलरवर. पानंच्या पानं बोलतो, कबुतरांवर बोलतो, इकडचं तिकडचं बोलतो, मला भीती वाटते म्हणतो, आणि तुम्हाला वाटत राहतं की बिचारा अडकलाय. मग पुढं हळूहळू कळायला लागतं की हा किती वजनाचा माणूस आहे आणि एडीच्या त्या ट्रकच्या भानगडीशी ह्याचा संबंध काय. लेखकानं एकदाही सांगितलेलं नाही की डिलन धोकादायक आहे. आपणच मागं जाऊन त्याची वाक्यं परत चाळतो तेव्हा लक्षात येतं.

आता कट्ट्यावरच्या तक्रारी, कारण त्या काही उगीच नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार, कोण बोलतंय तेच कळत नाही. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत, सर भरपूर वाचतात, रहस्यकथांचा तर त्यांना लहानपणापासून नाद, जुनी पॉकेटबुकं भाड्यानं आणून वाचलेली माणसं ती. ते म्हणाले, अहो खून होतो, दरोडा पडतो, आणि लेखक मात्र दोन माणसांना हॉटेलात बसवून कॉफी पाजतोय, गुन्हेगार कोण ते पहिल्यापासून माहीत, मग शोधायचं काय? सरांचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडं गुन्ह्याची कादंबरी म्हणलं की एक हुशार डिटेक्टिव्ह पाहिजे, पुरावे पाहिजेत, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा पाहिजे. इथं त्यातलं काहीच नाही. पण मला वाटतं शोधायचं आहे, फक्त जागा बदललीय. खून कुणी केला हे शोधायचं नसून ह्या क्षणी हा माणूस हे वाक्य का बोलतोय ते शोधायचंय, आणि कुणाला काय माहीत आहे नि कुणाला काय माहीत नाही, ते. शेवटी एडीवर जे येतं तेसुद्धा ह्याच्यातनंच येतं, कुणीतरी कुणाबद्दल चुकीचा अंदाज केला म्हणून. सर मान डोलावत होते पण त्यांना पटलेलं नाही, ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यामुळं कट्ट्यावरचं वातावरण फिरलं. आमच्यात एक इंजिनिअरिंगचा पोरगा येतो, एकांकिका करतो, भावे नाट्यमंदिरात त्याची उठबस. तो म्हणाला हे नाटकासारखं मोठ्यानं वाचूया. एक प्रकरण त्यानं आणि दुसऱ्या एकानं वाचलं, एडी आणि फोलीची भेट. आणि खरं सांगतो, जी माणसं दहा मिनिटं आधी कोण बोलतंय कळत नाही म्हणत होती तीच गप्प बसून ऐकायला लागली. एडी समोरच्याला विनंती करतोय पण विनंती केल्यासारखं दिसू नये म्हणून किती फिरून बोलतो, आणि फोली किती सभ्यपणे, अगदी दोस्तासारखा, ‘एवढ्यानं होणार नाही रे’ ह्या अर्थाचं बोलत राहतो. आवाजात आल्यावर दोघांचे सूर वेगळे झाले, मग नाव लिहिलंय का नाही ह्याची गरजच उरली नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावात मराठी नाटकाला सुरुवात केली, नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो, मग संवादावर चालणारं पुस्तक सांगलीकराला जड जायचं कारण नाही असं तो पोरगा म्हणाला, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. माझा तर आता सल्लाच आहे, पहिली दोन-तीन प्रकरणं मोठ्यानं वाचा, घरात कुणी असेल तर दोघं मिळून वाचा. एकदा ती लय कानात बसली की पुढं मनातल्या मनात वाचलं तरी आवाज येतात.

बँकेतल्या एका मॅडमनी जे सांगितलं ते मात्र मी विसरणार नाही. ह्यातली टोळी बँकेत बंदूक घेऊन घुसत नाही. ते पहाटे मॅनेजरच्या घरात शिरतात, तोंडावर मास्क, घरच्यांना ओलीस ठेवतात, एकजण घरी थांबतो आणि बाकीचे मॅनेजरला घेऊन बँकेत जातात. तिजोरीला टाइम लॉक, ती ठरलेल्या वेळेशिवाय उघडत नाही, मग कर्मचारी एकेक करून येतात आणि सगळे मिळून त्या वेळेची वाट बघत बसतात. लुटारू त्यांना काय करायचं काय नाही ते नीट समजावून सांगतो. मॅडम म्हणाल्या, मला गोळीबाराची भीती नाही वाटली, त्या समजावून सांगण्याची वाटली, कारण तो माणूस कामावर आल्यासारखा बोलतोय. त्यांचा अख्खा जन्म बँकेत गेलाय, कॅश उघडायची वेळ, किल्ल्या दोघांकडं, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या म्हणाल्या की त्या प्रकरणातला मॅनेजर बोलताना जे अडखळतो ते खरं आहे, नियम आणि घरची माणसं ह्यांच्यामध्ये सापडलेला माणूस तसाच बोलेल. मी ते प्रकरण पहिल्यांदा टोळीच्या बाजूनं वाचलं होतं, प्लॅन कसा भारी म्हणून. त्यांचं ऐकल्यावर परत वाचलं तेव्हा मला घरी बसलेली ती बायको दिसायला लागली.

कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना शेवटचं प्रकरण सगळ्यात आवडलं. ते दोन वकिलांचं बोलणं आहे, एक सरकारी आणि एक आरोपीचा, केसचं काय करायचं, मिटवायची का चालवायची. अनेकांना वाटलं की मेन गोष्ट तर संपली, मग हे कशाला जोडलंय. काका म्हणाले हेच तर खरं, कोर्टाच्या व्हरांड्यात मी आयुष्यभर हेच ऐकलंय, आतमध्ये युक्तिवाद होतात ते वेगळं आणि बाहेर चहा पिताना ठरतं ते वेगळं. आणि त्यांना ते पटणारच, कारण हिगिन्स स्वतः वकील होता, तेसुद्धा सरकारी बाजूचा, मॅसॅच्युसेट्समध्ये संघटित गुन्हेगारीच्या केसेस बघणारा. त्याच्या आधी पत्रकारी केलेली. म्हणजे आरोपी, खबरी, पोलिस, साक्षीदार हे कसं बोलतात, काय गाळतात, कुठं उगीच लांबण लावतात, ते त्यानं रोजच्या कामात ऐकलेलं. गुन्हेगार कल्पनेनं रंगवलेला असला की तो फार टाळीची वाक्यं बोलतो. ह्याची माणसं टाळीची वाक्यं बोलत नाहीत, ती एकच गोष्ट दोनदा सांगतात, मूळ मुद्दा सोडून भलतीकडं जातात, मग परत येतात.

काय आवडलं नाही तेही सांगतो. बायका ह्या पुस्तकात फार कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांच्याबद्दल पुरुष जे बोलतात ते ऐकवत नाही. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकूंनी ह्यावरनं पुस्तक अर्ध्यात ठेवलं, आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. काळ्या लोकांबद्दलही असलेच शब्द आहेत. ती माणसं त्या काळात तशीच बोलत असणार, लेखक त्यांची बाजू घेत नाही, हे मला कळतं, पण वाचताना टोचतं ते टोचतंच. फक्त एक आहे, वांडा नावाची जी बाई आहे, टोळीतल्या एकाची मैत्रीण, तिला सगळे गृहीत धरतात, आणि तसं गृहीत धरणं किती महागात पडू शकतं ते पुस्तकात येतं. पण ते सांगायला लेखकानं तिला अजून चार पानं द्यायला पाहिजे होती असं माझं म्हणणं आहे. एवढं भारी बोलणं लिहिणाऱ्याला तिचंही बोलणं जमलं असतं.

शिव्या भरपूर. घरात मोठ्यानं वाचणार असाल तर पोरं झोपल्यावर वाचा.

आणि इंग्रजी. आम्ही इंग्रजीतनंच वाचलं, आणि ते पुस्तकी इंग्रजी नाही. बॉस्टनच्या गल्लीतलं, पन्नास वर्षांपूर्वीचं, व्याकरण मोडलेलं, अर्धी वाक्यं तोडलेली. डिक्शनरी घेऊन बसलात तर दहाव्या पानावर सोडून द्याल. मी एक केलं, न कळलेला शब्द तसाच सोडला आणि पुढं गेलो, आणि दोन-चार वेळा तो वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी आला की आपोआप कळायला लागला. इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही अडखळायला होत होतं, तेव्हा आपल्याला जमणार नाही असं म्हणून कुणी बाजूला ठेवू नका. नावं मात्र एका कागदावर लिहून ठेवा, कॉइल, ब्राउन, फोली, डिलन, आणि बँकवाल्यांमधले स्कालीस आणि व्हॅन. कोण कुणाला काय म्हणालं ते त्याच्याखाली टिपत गेलात तर निम्मं अवघडपण जातं.

एल्मोर लेनर्ड म्हणून अमेरिकेतला मोठा क्राइम लेखक होऊन गेला, संवादासाठीच नावाजलेला, त्यानं ह्या पुस्तकाला सगळ्यात चांगली गुन्हे-कादंबरी म्हणलंय आणि प्रसंगात वेळ न घालवता थेट कसं शिरायचं ते आपण इथनं शिकलो असं सांगितलंय. सर ह्यावर म्हणाले की मोठ्या माणसानं चांगलं म्हणलं म्हणजे मला आवडलंच पाहिजे असं नाही. बरोबर आहे त्यांचं. पण लिहायची इच्छा असलेल्या पोरांनी तरी हे वाचावंच, विशेषतः जे मालिकांचे नाहीतर वेबसिरीजचे संवाद लिहायला बघतात त्यांनी. आपल्याकडच्या क्राइम सिरीजमध्ये पात्रं एकमेकांना दोघांनाही आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात, का तर प्रेक्षकाला कळावं म्हणून. हिगिन्स असलं एकदाही करत नाही, आणि तरी सगळं कळतं. ते कसं जमवलंय ते बघायला पेन घेऊन बसावं लागतं.

पिक्चरही आहे, 1973 चा, पीटर येट्सचा, रॉबर्ट मिचम एडी झालाय आणि पीटर बॉइल डिलन. मिचमचा तो थकलेला, जड पापण्यांचा चेहरा एडीला इतका बसलाय की नंतर पुस्तक उघडलं की तोच दिसतो. पण पिक्चर आधी बघू नका. पडद्यावर कोण बोलतंय ते आयतंच दिसतं, आणि मग पुस्तकात आपण कान देऊन जे ओळखायचं असतं ते ओळखायला काही राहत नाही. आधी पुस्तक, मग पिक्चर, आणि मधी थोडे दिवस जाऊ द्या.

कट्ट्यावर अजून एका गोष्टीवर एकमत नाही, की एडीला स्वतःवर काय येणार आहे ह्याची कल्पना होती का नाही. एकांकिकावाला पोरगा म्हणतो त्याला सगळं कळलं होतं, तो फक्त दमला होता. कोर्टवाले काका म्हणतात छे, असल्या माणसाला शेवटपर्यंत वाटत असतं की अजून एक सौदा जमेल. मी काकांच्या बाजूचा आहे, आणि माझा आधार म्हणजे त्या हॉकी मॅचचं प्रकरण, तिथं तो ज्या खुशीत खेळाडूंबद्दल बोलतोय ते बघा. ज्यांनी वाचलंय त्यांनी ते प्रकरण काढा आणि मला सांगा, ते बोलणं सगळं माहीत असलेल्या माणसाचं वाटतं का.